तीन खोल्या, एक छत्री: दांडिया बाजारातल्या एका घराचं प्रकरण

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं तीन मजली घर. टीव्ही तीन, गच्चीवर छत्री, म्हणजे डिश, एक. तळमजल्यावर मागच्या खोलीत आजी, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, दुसऱ्यावर धाकट्या मुलाचं बिऱ्हाड. डीटीएच पैसे भरून घेतलेलं, बॉक्स तीन, तिन्हींचं रिचार्ज वेळेवर. तक्रार होती फक्त आजींच्या खोलीची. त्यांची मालिका ज्या मराठी वाहिनीवर लागते, ती संध्याकाळी जायची आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी यायची. हे रोज होत नसे, आणि सकाळी तर कधीच नाही. वाहिनी गेलेली असतानाही मागेपुढे पाच-सहा वाहिन्या लखलखीत दिसत असत.

मी पोहोचण्याआधी बरंच करून झालं होतं. आजींचा बॉक्स बदलला होता. नवा बॉक्सही तसाच वागला म्हणून केबलच्या तोंडाशी सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता. दुरुस्तीला येणारा माणूस सकाळी अकराच्या सुमारास यायचा. तेव्हा सगळं व्यवस्थित दिसायचं आणि तो सही घेऊन जायचा. शेवटी घरातल्यांनी निष्कर्ष काढला की आजींच्या हातून रिमोटवर भलतंच काहीतरी दाबलं जातं. मला हे फार लागलं. ऐंशी ओलांडलेल्या, दिवसाचा बराच वेळ एकाच खोलीत काढणाऱ्या बाईची ती एक वाहिनी, आणि ती जाण्याचा दोषही तिच्याच माथी. बिघाड तारेत असताना माणसाला वेंधळं ठरवणं हा अन्याय आहे, आणि टीव्हीच्या जोडणीच्या कामात तो सर्रास होतो.

या प्रकरणाचा उलगडा मीटरच्या आधी एका वहीने केला. आजींच्या थोरल्या सूनबाईंनी, म्हणजे वहिनींनी, दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर नोंदी ठेवल्या होत्या. वाहिनी कधी गेली, कधी आली, आणि त्या वेळी वर कोण काय बघत होतं. हा शेवटचा रकाना त्यांनी आपल्या बुद्धीने घातला होता, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तो वाचताना लक्षात आलं की आजींची वाहिनी जाते तेव्हा दिवाणखान्यात जवळजवळ प्रत्येक वेळी क्रिकेट किंवा ठरावीक दोन-तीन सिनेमांच्या वाहिन्या चालू असत. बातम्या लागल्या की आजींचं चित्र परत यायचं. काही नोंदी मात्र या नियमात बसत नव्हत्या. दिवाणखान्यातला टीव्ही बंद, दुसऱ्या मजल्यावरचाही बंद, तरी खाली वाहिनी नाही. त्या नोंदींपुढे वहिनींनी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

गच्चीवर चढलो. छत्रीच्या दांड्यावर एकच तोंड असलेला एलएनबी, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल टिपून केबलमध्ये सोडणारा डबा. त्यातून निघालेली एक केबल पाण्याच्या टाकीखाली तीन वाटांच्या स्प्लिटरमध्ये, म्हणजे एका तारेचे तीन फाटे करणाऱ्या डबीत, शिरत होती, आणि तिथून तीन केबली तीन खोल्यांकडे. स्प्लिटरच्या तिन्ही तोंडांतून वीज वर जाऊ शकेल अशी त्याची रचना होती. एवढं पाहिल्यावर वहीतल्या बहुतेक नोंदींचा अर्थ लागला.

छत्रीवरून येणारी तार ही जुन्या केबलवाल्याच्या तारेसारखी नसते. केबलवाल्याच्या तारेत सगळ्या वाहिन्या एकदम वाहत असतात, टीव्ही आपल्याला हवी ती उचलतो. तिथे स्प्लिटर लावून चार खोल्यांत फाटे दिले तरी कोणाचं कोणावाचून अडत नाही. उपग्रहाचा सिग्नल मात्र केयू पट्ट्यात, १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या दरम्यान येतो. इतकी उंच वारंवारिता साध्या केबलमधून घरात उतरवता येत नाही. म्हणून एलएनबी ती खाली आणतो आणि केबलमध्ये ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ एवढंच सोडतो. या मापात उपग्रहावरचं सगळं एका वेळी मावत नाही. शिवाय उपग्रह एकाच वारंवारितेवर दोन वेगळे प्रवाह पाठवतो, एक उभ्या ध्रुवीकरणात आणि एक आडव्या, म्हणजे एकाच्या लहरी उभ्या डोलतात, दुसऱ्याच्या आडव्या. त्यामुळे एलएनबीला सतत सांगावं लागतं की आत्ता कोणता भाग हवाय. हे सांगणं बॉक्स करतो, आणि तेही त्याच केबलमधून: १३ व्होल्ट दिले की उभं, १८ दिले की आडवं. वरचा पट्टा हवा असेल तर २२ किलोहर्ट्झचा सूर त्यावर चढवायचा. म्हणजे चित्र खाली येतं त्याच तारेतून हुकूम वर जातो.

आता तीन बॉक्स एकाच एलएनबीला हुकूम देऊ लागले तर काय होईल? स्प्लिटरच्या प्रत्येक तोंडात वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड असतो, म्हणून व्होल्टेज एकमेकांत मिसळत नाही. जे जास्त असेल ते जिंकतं. आजींचा बॉक्स १३ मागतोय आणि दिवाणखान्यातल्याने १८ दिले, तर एलएनबीपर्यंत १८ पोहोचतात आणि तो आडव्यावर जातो. आजींची वाहिनी उभ्यावर होती, क्रिकेटची आडव्यावर. घरात कोणीही आडव्यावरची वाहिनी लावली की उभ्यावरच्या सगळ्या वाहिन्या सगळ्या खोल्यांतून नाहीशा होत. उलट कधीच होत नसे, कारण १३ व्होल्ट १८ला हरवू शकत नाहीत. दिवाणखान्याला कधी त्रास झाला नाही तो यामुळेच. त्यांच्या आवडीच्या वाहिन्या जिंकणाऱ्या बाजूच्या होत्या. सुदैवाने या कंपनीच्या वाहिन्या एकाच पट्ट्यात होत्या, नाहीतर २२ किलोहर्ट्झवरून दुसरं भांडण लागलं असतं.

आणि वहिनींची प्रश्नचिन्हं? रिमोटने बॉक्स बंद केला की तो झोपतो, मरत नाही. बरेच बॉक्स त्या अवस्थेतही एलएनबीला वीज पुरवत राहतात, आणि शेवटी लावलेल्या वाहिनीचंच व्होल्टेज धरून बसतात. सामना बघून झाला, टीव्ही बंद केला, सगळे जेवायला बसले, तरी बॉक्स वर १८ व्होल्ट पाठवतच होता. भिंतीवरचं बटण बंद केलं की मगच तो सोडायचा. रात्री झोपताना घरातले काका सगळी बटणं बंद करत, म्हणून सकाळी आजींचं चित्र नेहमी ठीक.

खात्री करायला साधा मल्टिमीटर पुरला. स्प्लिटरच्या एलएनबीकडच्या तोंडाशी मोजलं. फक्त आजींचा बॉक्स चालू असताना तेराच्या आसपास. वहिनींनी खालून दिवाणखान्यात क्रिकेट लावल्याचं ओरडून सांगितलं, आणि काटा साडेसतरावर गेला. मग त्यांनी बॉक्स रिमोटने बंद केला. काटा हलला नाही.

काकांना मात्र हे पटेना. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "अहो, बाजूवाल्यांकडे हाच स्प्लिटर आहे. इतकी वर्षं झाली, त्यांच्या दोन्ही खोल्यांत सगळं दिसतं. मग आमच्याकडेच काय?" शंका रास्त होती आणि तिचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नव्हतं. बाजूवाल्यांकडे डीडी फ्री डिश आहे. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली आणि आता जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. फ्री डिशच्या वाहिन्या एकाच ध्रुवीकरणात आणि एकाच, खालच्या पट्ट्यात आहेत. त्यामुळे बाजूवाल्यांचे दोन्ही बॉक्स नेहमी एकच हुकूम देतात आणि भांडणाला कारणच उरत नाही. तिथे स्प्लिटर चालतो तो त्या सेवेच्या रचनेमुळे. एका घरात चाललेली जोडणी दुसऱ्या घरात उचलून लावायची नाही ती याचसाठी. काकांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आधी सांगायला नको का कोणी?" पैसे भरून तीन जोडण्या घेणाऱ्या माणसाला बसवणाऱ्याने हे सांगायलाच हवं होतं.

आजींच्या खोलीत दुसरा दोषही होता, तो वहीत वेगळा दिसत होता. पाऊस आला की त्यांचं चित्र इतरांच्या आधी चौकोनी तुकड्यांत फुटायचं आणि सगळ्यात उशिरा सावरायचं. केयू पट्ट्याला मुसळधार पाऊस अडवतोच, पण एकाच छत्रीवर एका खोलीला जास्त आणि दुसऱ्या खोलीला कमी का? केबल तपासली. गच्चीपासून पहिल्या मजल्यापर्यंत आरजी-६ जातीची जाड केबल, आणि तिथून आजींच्या खोलीपर्यंत केबलवाल्याच्या काळातली जुनी, बारीक आरजी-५९, मधे सांधा. सांधा चौकाच्या भिंतीवर उघड्यावर, नुसता इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला. टेप सोडला तर आतली जाळी हिरवी पडलेली.

इथे हिशोब करून पाहणं उपयोगी ठरतं. चांगल्या आरजी-६मध्ये २१५० मेगाहर्ट्झला दर १०० मीटरमागे सुमारे ३० ते ३५ डेसिबल घट होते. आजींची केबल पस्तीसेक मीटर, शेवटचा भाग आरजी-५९चा, म्हणजे तेरा-चौदा डेसिबल गेले. तीन वाटांचा स्प्लिटर आणखी सहा-सात घेतो. एलएनबी जे देतो त्यातून इतकं वजा करूनही कोरड्या दिवशी बॉक्सला पुरेसं उरतं. म्हणजे पातळी कमी पडत नव्हती, तरी पातळी वाढवायला अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता. अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर त्यातला गोंगाटही तेवढाच मोठा करतो आणि स्वतःचा थोडा घालतो. ओल धरलेल्या सांध्यातून जे परत उलटतं, त्यावर त्याचा काही इलाज नाही. बॉक्सवर ताकदीची पट्टी भरलेली दिसते, गुणवत्तेची मात्र अर्धीच राहते. ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांनी दुसरी पट्टी बघावी.

छत्रीही जागेवर नव्हती. दांड्याला मांजाचे वेढे होते आणि ती किंचित फिरली होती. बडोद्यात १४ आणि १५ जानेवारीला प्रत्येक गच्चीवर अख्खा मोहल्ला असतो. छत्रीत अडकलेला पतंग ओढून काढला जातो, टाकीवर चढताना तिच्या खांबाचा आधार घेतला जातो. उत्तरायण झाली की छत्री एकदा तपासून घ्यावी असं मी इथल्या प्रत्येक घराला सांगतो. ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत या वारंवारितेला जेमतेम ३ अंश रुंद असतो. ती दीड अंश फिरली तर निम्मी शक्ती गेली. डोळ्याला ते कळतही नाही आणि निरभ्र आकाशाखाली चित्रही दिसत राहतं. फक्त पावसासाठी जी शिल्लक ठेवायची ती संपलेली असते, म्हणून पहिल्या सरीलाच चित्र फुटतं.

मग उपाय काय करायचा यावर दिवाणखान्यात बैठक बसली. आजींनाही वर आणलं होतं, तसा माझा आग्रह होता.

धाकट्या मुलाचं मत असं की एकच बॉक्स ठेवून त्याचं चित्र एचडीएमआय स्प्लिटरने आणि नेटवर्कच्या केबलने तिन्ही खोल्यांत न्यावं, दोन जोडण्यांचं भाडं वाचेल. तांत्रिकदृष्ट्या होतं. पण मग तिन्ही टीव्हींवर एकच वाहिनी दिसणार, आणि ती कोणती हे बॉक्स ज्याच्या खोलीत तो ठरवणार. आज व्होल्टेजमुळे जे घडत होतं तेच उद्या जोडणी करून कायम केलं असतं. दुकानात, उपाहारगृहात हा मार्ग ठीक, घरात नाही. इंटरनेटवरून बघण्याचाही विषय निघाला. आजी म्हणाल्या, "मला आकडा दाबला की वाहिनी हवी. ते बोलून सांगायचं यंत्र नको." तो विषय तिथेच संपला.

मला स्वतःला मोह होता तो एका केबलीवर चालणाऱ्या पद्धतीचा. युनिकेबल म्हणतात तिला. तिचं युरोपीय मानक २००७मध्ये आलं. त्यात एलएनबी प्रत्येक बॉक्सला त्याच्या मालकीची एक वारंवारिता नेमून देतो आणि बॉक्सने मागितलेला प्रवाह तिच्यावर ठेवतो, त्यामुळे एकाच तारेवर आठ बॉक्स स्वतंत्र चालतात. नंतरच्या मानकात ही मर्यादा ३२वर गेली. वाड्यासारख्या घरात, जिथे दोन फूट जाडीच्या भिंती आणि लाकडी पाटणं आहेत, नवी केबल ओढणं हेच सगळ्यात अवघड काम असतं. तिथे याहून देखणा उपाय नाही. अट एकच: बॉक्सला ही पद्धत कळली पाहिजे. यांच्या बॉक्सच्या मेनूत तशी सोय नव्हती, आणि डीटीएच कंपनीचा बॉक्स सोडून बाजारातला दुसरा लावता येत नाही. तो मार्ग बंद झाला.

मल्टिस्विच हा चौथा पर्याय. चार तोंडांचा क्वाट्रो एलएनबी चारही भाग एकाच वेळी खाली देतो आणि मल्टिस्विच प्रत्येक खोलीला मागेल तो जोडून देतो. सहा, आठ, बारा खोल्या असतील तर हाच घ्यावा. त्याला सतत वीज लागते, कोरडी जागा लागते. घरातल्यांनी मीटरशेजारची, तळमजल्याच्या जिन्याखालची जागा दाखवली. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात कुठवर आलं ते बघितल्यावर बडोद्यात विजेचं कुठलंही उपकरण जिन्याखाली ठेवायला माझं मन धजत नाही. तीन खोल्यांसाठी त्याची गरजही नव्हती.

ठरला तो क्वाड एलएनबी. याच्याही अंगावर चार तोंडं असतात, पण प्रत्येक तोंडामागे आतच स्वतंत्र स्विच असतो. दिवाणखान्याचे १८ व्होल्ट दिवाणखान्याच्या तोंडापुरते, आजींचे १३ आजींच्या. भांडायला सामायिक जागाच राहत नाही. खरेदी करताना क्वाड आणि क्वाट्रो यांत गल्लत करू नये. दिसायला दोन्ही सारखे, पण क्वाट्रोला बॉक्स सरळ जोडला तर एकाच भागाच्या वाहिन्या दिसतील. रावपुऱ्यात दुकानदाराने आधी क्वाट्रोच काढून ठेवला होता. खोक्यावरचं वाचून बदलून घेतला.

याची किंमत म्हणजे प्रत्येक खोलीला गच्चीपासून अखंड, बिनसांध्याची केबल. एलएनबीपेक्षा खर्च आणि मेहनत यातच जास्त गेली. मधली तार भरीव तांब्याची असलेली आरजी-६ घेतली. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेचीच जास्त मिळते. वारंवारितेच्या दृष्टीने फरक थोडा, कारण उच्च वारंवारिता तारेच्या कातडीवरूनच वाहते. पण एलएनबीची वीज अख्ख्या तारेतून जाते आणि पोलाद तिला जास्त अडवतं. क्वाड एलएनबीची भूक साध्यापेक्षा मोठी, आणि आजींची खोली सगळ्यात लांब.

भिंतीला भोकं पाडायची नाहीत असं आजींनी बजावलं होतं. त्यांच्या सासऱ्यांच्या हातचं बांधकाम. म्हणून केबली चौकाच्या आतल्या बाजूने, पागोळीच्या आडोशाने, नळीतून खाली आणल्या. कोपऱ्यावर ऐंशी मिलिमीटरपेक्षा घट्ट वळण दिलं नाही, केबल चेपली तर तिचा ७५ ओहमचा स्वभाव, म्हणजे सिग्नलला होणारा ठरावीक विरोध, बिघडतो. आजींच्या खोलीत झरोक्याच्या वरच्या फटीतून आत घेतली. आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकतं, खोलीत येत नाही. गच्चीवरच्या पिना पिळून बसवायच्या न घेता दाबून बसवायच्या घेतल्या, आणि वरून आपोआप एकजीव होणारा रबरी टेप. जाळीचा एक केसही मधल्या तारेला टेकलेला नाही हे प्रत्येक टोकाला भिंग लावून पाहिलं. असा एक केस एलएनबीची वीज शॉर्ट करायला पुरतो. जोडताना तिन्ही बॉक्स भिंतीच्या बटणापासून बंद होते. छत्रीच्या खांबाला घराच्या अर्थिंगपर्यंत वेगळी जाड तांब्याची तार दिली. आधी ती नव्हतीच.

छत्री मीटर लावून नव्याने बसवली. आधी डावी-उजवी, मग वर-खाली, मग एलएनबी आपल्या अक्षाभोवती थोडा फिरवून. हे शेवटचं बहुतेक जण सोडून देतात. तो तिरका राहिला तर आडव्याचा अंश उभ्यात झिरपतो आणि दोन्हींची गुणवत्ता खाली येते.

मग परीक्षा. दिवाणखान्यात क्रिकेट, वर सिनेमा, खाली आजींची वाहिनी. मीटर लावला तर दिवाणखान्याच्या तारेवर १८, आजींच्या तारेवर १३, एकाच वेळी. वहिनींनी दोन्ही खोल्यांत वाहिन्या उलटसुलट बदलून पाहिल्या. खालचं चित्र हललं नाही. अ‍ॅम्प्लिफायर काढून टाकला होता, तरी आजींच्या बॉक्सवरची गुणवत्तेची पट्टी दिवाणखान्याच्या बरोबरीला आली. आषाढात जोराच्या सरीत चित्र काही मिनिटं जातं, पण आता तिन्ही खोल्यांत एकदमच जातं आणि एकदमच येतं. ते तसं होणार हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

भाड्याचा प्रश्न धाकट्या मुलाने पुन्हा काढला. दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हीसाठी नेटवर्कचं शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांहून जास्त नसावं अशी मर्यादा ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२०मध्ये घातली होती. जुलै २०२४मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता कंपनीने जाहीर केलेला दर विचारून घ्यावा लागतो, आणि तो विचारायला हवाच. त्याने विचारलं, आणि दुसऱ्या मजल्यावरचा वाहिन्यांचा संच लहान करून घेतला.

क्वाडचं चौथं तोंड आज रिकामं आहे, त्यावर रबरी टोपी घातली आहे. चौथी केबलही त्याच नळीतून खाली ओढून पहिल्या मजल्यावर गुंडाळून ठेवली, कारण नळी पुन्हा उघडणं कोणालाच परवडलं नसतं. माळ्यावरच्या खोलीत विद्यापीठात शिकणारा भाडेकरू मुलगा राहतो. त्याला मासिक भाडं नको होतं, म्हणून त्याच्यासाठी वेगळी छोटी छत्री आणि फ्री डिशचा बॉक्स लावला. बडोद्याहून जीसॅट-१५ आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५५ अंश वर आहे. टाकीची सावली चुकवून तेवढी जागा गच्चीच्या कोपऱ्यात मिळाली. त्यावर दूरदर्शनच्या मराठी सह्याद्री आणि गुजराती गिरनार या दोन्ही वाहिन्या लागतात. पुढेमागे त्याच्या खोलीत दुसरा टीव्ही आला, तर तिथे साधा स्प्लिटर चालेल.